काशीचे संस्कृत विद्यापीठ

काशीत ब्रह्मा घाटाच्या परिसरात मराठी घराण्यांची जुनी वस्ती आहे. अशा घराण्यांतील शास्त्र्यांनी शहरातील ज्या विद्यास्थानाला कीर्ती दिली, ते म्हणजे संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठ. जोनाथन डंकन यांनी १७९१ साली स्थापिलेली ही पाठशाळा १९५८ साली विद्यापीठ झाली. आजचे नाव तिला १९७४ साली लाभले.

माँट्रियलचे विद्यापीठ जसे फ्रेंच भाषेतून ज्ञान देते, तसे हे संस्कृतातून. परंतु प्राचीन भाषेत नवे शास्त्र मावेल काय? याचे उत्तर बापूदेव शास्त्री या मराठी पंडितांनी दिले. १८४२ साली ते येथे अध्यापक झाले. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ संपादणाऱ्या या गणितज्ञाने पाश्चात्त्य गणितही पाठशाळेच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवले. त्यांच्यानंतर त्या पदावर आलेल्या सुधाकर द्विवेदींनी तर दीर्घवृत्तावर संस्कृतात ग्रंथ रचला.

विद्यापीठाच्या सरस्वती भवनात लाखाच्या आसपास हस्तलिखिते आहेत. ती जपणे अगत्याचेच. पण भाषा केवळ जपल्याने जगत नाही. नवा प्रश्न तिच्यातून विचारला जातो, तोवरच ती जिवंत असते.