अडलं म्हणून घडलं!

सिनेमाच्या बाबतीत मला कशाचंच वावडं नाही. रविवारी दुपारी टीव्हीवर लागलेला ‘अशी ही बनवाबनवी’ असो, कुणी ‘बघच एकदा’ म्हणून गळी उतरवलेला इराणी सिनेमा असो, भुताखेतांचा असो की कोर्टकचेरीचा. लागला की बसायचं. एवढं सगळं पाहून माझं एक मत मात्र पक्कं झालंय. पडद्यावरच्या ज्या जागा वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाहीत, त्यातल्या कितीतरी दिग्दर्शकाच्या मूळ बेतात नव्हत्याच. पैसे संपले, यंत्र बिघडलं, नट आजारी पडला, सेन्सॉर आडवं आलं आणि ‘आता काय करायचं?’ म्हणून जे सुचलं, तेच टिकलं. त्याचे हे काही अस्सल नमुने.

तारामती मिळेना!

सुरुवात घरापासूनच करू. दादासाहेब फाळक्यांना सिनेमा काढायचा होता, पण पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत दिसली. कोंब फुटतोय, वेल वर चढतेय! ते पाहून लोकांचा विश्वास बसला आणि कर्जाची वाट मोकळी झाली. आपल्याकडच्या सिनेमाचं पहिलं भांडवल वाटाण्याच्या वेलाने आणलं, ही गोष्ट मला फार आवडते.

पुढची अडचण त्याहून मोठी होती. तारामतीची भूमिका करायला एकही बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा सडपातळ, नाजूक हातांचा तरुण फाळक्यांना दिसला. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. अशी मिळाली ‘राजा हरिश्चंद्र’ची तारामती. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला. चार वर्षांनी आलेल्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या! हा बहुधा आपल्या पडद्यावरचा सगळ्यात जुना डबल रोल.

आणि या सगळ्यामागे उभ्या होत्या सरस्वतीबाई फाळके. सगळ्या ताफ्याचा स्वयंपाक त्यांच्याकडे. त्याशिवाय कच्च्या फिल्मला अंधारात कडेची भोकं पाडायची, ती धुवायची, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा, हेही त्याच करत. भांडवलासाठी दागिने दिले तेही त्यांनीच. माझं म्हणणं सरळ आहे: फाळक्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणायचं, तर सरस्वतीबाईंना या धंद्यातल्या पहिल्या तंत्रज्ञ म्हणायला हवं, आणि शाळेच्या पुस्तकात दोघांची नावं शेजारी शेजारी छापायला हवीत.

सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडायचे. म्हणून ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असं सांगा’ असा सल्ला फाळके आपल्या नटांना देत. परेश मोकाशींच्या २००९ च्या सिनेमाचं नाव आलंय ते तिथूनच. नंदू माधव आणि विभावरी देशपांडे यांचा हा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ घरातल्या मुलांना घेऊन बघा. मोठ्या माणसावरचा इतका हसरा सिनेमा आपल्याकडे दुसरा नाही.

सीन गुरांनी खाल्ला

आता बंगालात जाऊ. १९५२ च्या ऑक्टोबरात सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चं पहिलं चित्रण केलं. पांढऱ्याशुभ्र काशफुलांच्या रानातून दुर्गा आणि अपू ही भावंडं आगगाडी बघायला धावतात, तो प्रसंग. कॅमेरा धरणारे सुब्रत मित्र एकवीस-बावीस वर्षांचे होते आणि सिनेमाचा कॅमेरा त्यांनी याआधी कधी चालवला नव्हता. अर्धं काम झालं. उरलेलं पुढच्या रविवारी करू म्हणून मंडळी परत गेली तर फुलं गायब! गुरांनी सगळं रान फस्त केलं होतं. त्या जागी पुन्हा फुलं यायला पुढचा हंगाम उजाडला.

पैशांची तऱ्हा तर विचारूच नका. राय यांनी विमा पॉलिसी मोडली, ग्रामोफोनच्या तबकड्यांचा संग्रह विकला, पत्नी बिजोया यांचे दागिने गहाण पडले. शेवटी पश्चिम बंगाल सरकार मदतीला आलं, आणि तो पैसा कागदोपत्री टाकला रस्तेसुधारणेच्या खात्यावर, कारण सिनेमाच्या नावात रस्ता होता.

या सिनेमातली एक जागा मुद्दाम थांबून बघा. कावड घेतलेला मिठाईवाला पुढे, त्याच्या मागे दुर्गा, तिच्या मागे अपू आणि सगळ्यात शेवटी एक कुत्रा. चौघांची वरात तळ्याच्या काठाने निघालीय आणि पाण्यात त्यांची उलटी प्रतिबिंबं चाललीयत. कुत्रा काही केल्या मागे येईना, म्हणून दुर्गाच्या हातात ‘संदेश’ ही बंगाली मिठाई दिली आणि तो हात पाठीमागे धरायला सांगितला. मग काय, पठ्ठ्या बरोब्बर चालला! गंमत पुढेच आहे. पैसे संपून चित्रण थांबलं, त्या खंडात मिठाईवाल्याचं काम करणारे गृहस्थ वारले. मग तशाच अंगकाठीचा दुसरा माणूस शोधला आणि त्याला फक्त पाठीमागून दाखवलं. पडद्यावर हे कुणाच्याही लक्षात येत नाही.

एवढ्या लांबलेल्या कामात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी झाली नाही आणि म्हाताऱ्या इंदिर ठाकरूणचं काम करणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या चुनीबालादेवी हयात राहिल्या, हे तीन चमत्कारच म्हणायचे, असं राय स्वतः सांगत. पंडित रविशंकरांकडे वेळ नव्हता, तेव्हा जवळजवळ सगळं संगीत एकाच बैठकीत, रात्रभर बसून ध्वनिमुद्रित झालं. ‘संथ आहे हो’ म्हणून हा सिनेमा टाळणाऱ्यांना माझा आग्रह आहे: पहिली वीस मिनिटं द्या. म्हातारी इंदिर ठाकरूण भेटली की तुम्ही उठणार नाही.

पंचाहत्तर साल

१९७५ हे माझं लाडकं साल, कारण अडचणींचं पीक या साली भरघोस आलं.

‘जॉज’ घ्या. स्टीव्हन स्पीलबर्गने यांत्रिक शार्क बनवून घेतले आणि आपल्या वकिलाच्या नावावरून त्यांचं नाव ठेवलं ब्रूस. खऱ्या समुद्रात उतरताच खाऱ्या पाण्याने यंत्रं खाल्ली. ५५ दिवसांचं काम १५९ दिवसांवर गेलं. शार्क चालत नाही म्हटल्यावर स्पीलबर्गने तो दाखवणंच टाळलं. पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपं, लाटेच्या पातळीवरचा कॅमेरा आणि जॉन विल्यम्सचे ते दोन सूर, एवढ्यावरच तासाहून अधिक वेळ प्रेक्षकाचा घाम काढला. शार्क पहिल्याच रिळात अख्खा दिसला असता, तर पन्नास वर्षांनी त्याचं नावही कुणी काढलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच वर्षी माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचा ‘होली ग्रेल’ आला. राजा आर्थर आणि त्याचे सरदार म्हटल्यावर घोडे हवेत, पण घोड्यांना पैसे नव्हते. मग सरदार नुसतेच उड्या मारत चालतात आणि मागचे नोकर नारळाच्या करवंट्या एकमेकींवर आपटून टापांचा आवाज काढतात! बरेचसे किल्ले ऐन वेळी मिळाले नाहीत, तेव्हा डून नावाचा एकच किल्ला वेगवेगळ्या बाजूंनी दाखवून वेळ मारून नेली. करवंट्यांचा तो पहिलाच प्रसंग पाहून ज्याला हसू आवरता येईल, त्याने मला भेटावं.

आणि आपला ‘शोले’. त्यातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग बिनसंवादाचा आहे. कातरवेळी विधवा राधा वरच्या सज्जात एकेक दिवा मालवत जातेय आणि खाली जय माउथ ऑर्गन वाजवतोय. छायालेखक द्वारका दिवेचा यांना सूर्य बुडाल्यानंतरचा तोच निळसर उजेड हवा होता, आणि तो रोज काही मिनिटंच टिकायचा. दिवसभर तयारी, संध्याकाळी एखादा शॉट, की अंधार. पडद्यावर मिनिटभर दिसणाऱ्या या प्रसंगाला सुमारे वीस दिवस लागले. मारामाऱ्या आणि गाड्या विसरून फक्त हे दिवे बघण्यासाठी ‘शोले’ पुन्हा लावा.

शेवटाचीही कथा आहे. ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी ठार मारतो, हा मूळ शेवट. तेव्हा आणीबाणी होती; माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चाललं नाही. ठाकूर झालेले संजीवकुमार तेव्हा सोव्हिएत रशियात होते, त्यांना बोलावून घेतलं आणि पोलीस वेळेवर पोचतात असा शेवट नव्याने केला. २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात मूळ शेवट असलेली प्रत दाखवली गेली. मला विचाराल तर मूळ शेवटच खरा. हात गमावलेल्या माणसाची गोष्ट पोलिसांच्या जीपपाशी संपू नये.

मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं असं आणखी एक: एवढ्या गाजलेल्या ‘शोले’ला तेव्हा फिल्मफेअर मिळालं ते एकच, संकलनाचं, आणि ते घेतलं एम. एस. शिंदे यांनी.

झटपट तीन

‘सायको’, १९६०. न्हाणीघरातल्या त्या खुनात वाहतं ते रक्त नसून चॉकलेटचं सिरप आहे. सिनेमा कृष्णधवल असल्यामुळे ते खपून गेलं. पाऊण मिनिटाच्या प्रसंगाला सात दिवस लागले. हिचकॉकला तिथे संगीत नकोच होतं. बर्नार्ड हर्मनने फक्त तंतुवाद्यांवर ते किंचाळणारं संगीत करून आणलं आणि हिचकॉकने मत बदललं.

‘हॅलोवीन’, १९७८. खुन्याचा मुखवटा दोन डॉलरच्या आत विकत आणलेला. ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा तो चेहरा पांढरा रंगवला, की झाला काळपुरुष. गोष्ट पानगळीतली आणि चित्रण वसंतातलं, म्हणून कागदी पानं रंगवून रस्त्यावर टाकायची आणि शॉट झाला की गोळा करून पोत्यात भरायची, कारण पुढच्या गल्लीत तीच लागणार!

‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’, १९८१. तलवार फिरवणाऱ्या पहिलवानाशी लांबलचक लढाई ठरली होती. ट्युनिशियात हॅरिसन फोर्डला हगवण लागली, उभं राहवेना. म्हणून इंडियाना जोन्स सरळ पिस्तूल काढतो. सिनेमातला सगळ्यात मोठा हशा तिथेच आहे.

आटपाडीहून बर्लिनला

व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधला खुल्या तुरुंगाचा प्रयोग कल्पनेतला आहे, असा अनेकांचा समज असतो. तो खरा आहे, आणि औंध संस्थानातला आहे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत काढून तिथे कैद्यांना बेड्यांविना शेती करायला ठेवलं होतं. सिनेमाची गोष्ट लिहिली गदिमांनी. माडगूळ आटपाडी तालुक्यातलंच, तेव्हा हा त्यांच्या घरच्या मातीतला विषय. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली, पट्टी बांधून पडून राहावं लागलं. त्या अंधारात डोळ्यांपुढे नाचलेल्या रंगांतून १९५९ चा ‘नवरंग’ आला. बर्लिनमध्ये रौप्य अस्वल मिळवणारा ‘दो आँखें’ मला ‘नवरंग’पेक्षा कितीतरी उजवा वाटतो. आटपाडीकडे जाणं झालं, तर स्वतंत्रपूरची चौकशी जरूर करा.

वर्गणीचा सिनेमा

१९७६ च्या ‘मंथन’चे निर्माते ५ लाख आहेत. गुजरातच्या दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि श्याम बेनेगलांना १० लाख रुपये मिळाले. पटकथा विजय तेंडुलकरांची. आपला सिनेमा बघायला हे निर्माते गावागावांतून ट्रक भरभरून आले. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) मध्ये नसीरुद्दीन शाहांच्या गळ्यातला कॅमेरा त्यांचा स्वतःचा होता, कारण निर्मितीकडे तेवढेही पैसे नव्हते. चित्रणादरम्यान तो चोरीला गेला. या सिनेमातल्या महाभारताच्या गोंधळाला आजही तोड नाही.

आणि ‘श्वास’. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीत आणणारा संदीप सावंत यांचा सिनेमा. तो ऑस्करला निघाला, तेव्हा अमेरिकेतल्या प्रचारासाठी पैसे नव्हते. ते लोकांनी गोळा करून दिले. आंधळा होण्याआधी नातवाला जग दाखवून आणणारा अरुण नलावडे यांचा आजोबा ज्यांनी पाहिला, त्यांना ती मदत का आली हे सांगावं लागत नाही.

आज चांगल्या मराठी सिनेमाची मोठी अडचण आहे ती खेळांची. पहिल्या तीन दिवसांत गर्दी दिसली नाही की पुढच्या आठवड्यात एखादाच खेळ उरतो, तोही आडवेळी. म्हणून एवढंच सांगणं: आवडेलसा मराठी सिनेमा लागला की ओटीटीवर येईल म्हणून थांबू नका. पहिल्याच शनिवारी-रविवारी तिकीट काढा, आणि जमलं तर शेजाऱ्यांनाही सोबत न्या.