उताऱ्यावर खुणा कशा कराव्यात?



आमच्या पाचवीतली काही मुले नवोदय विद्यालयाच्या परीक्षेला बसणार आहेत. मीही त्यांतली एक. अशी पहिली दोन विद्यालये १९८५-८६ साली निघाली, त्यांतले एक आपल्या अमरावतीचे. सहावीला एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुले घेतात. निदान ७५ टक्के जागा खेड्यांतल्या मुलांच्या असतात. तरी बसणारी मुले पुष्कळ, म्हणून एकेक गुण मोलाचा.

परीक्षेत भाषेचे २० प्रश्न असतात. चार उतारे आणि प्रत्येकाखाली पाच प्रश्न. एका प्रश्नाला सव्वा गुण. भाषेला वेळ अर्धा तास, म्हणजे एका उताऱ्याच्या वाट्याला साडेसात मिनिटे. तेवढ्यात उतारा चार-चार वेळा वाचत बसलो तर झालेच! म्हणून खुणा करायच्या.

शेताच्या बांधावर दगड रोवतात ना, तशी ही खूण. पण सगळ्या शेतभर दगड रोवले तर बांध कुठला ते कळेल का? आमच्या वर्गात काहीजण प्रत्येक ओळीखाली रेघ ओढतात. दिसते छान, उपयोग काही नाही.

आता हा छोटा उतारा पाहा. गुरुजींच्या परवानगीने मी तो लिहिला आहे.

“सुगरण पक्ष्याचे घरटे झाडाला टांगलेले असते. ते नर विणतो. अर्धे झाले की मादी येऊन ते पाहते. तिला आवडले तर तो उरलेले काम पुरे करतो. परंतु तिला नापसंत पडले, तर तो ते सोडून देतो व दुसरे विणायला घेतो.”

पहिल्यांदा हातात पेन न घेता सगळे वाचायचे. मग प्रश्न वाचायचे आणि खुणा त्यानंतर. काहीजण प्रश्न आधी वाचतात. मला ते पटत नाही, कारण गोष्टच ठाऊक नसली तर प्रश्न डोक्यात राहत नाहीत.

प्रश्न : घरटे कोण विणतो? वर्गात विचारले तर निम्म्यांनी ‘मादी’ सांगितले! ‘सुगरण’ हे नाव बाईमाणसासारखे, शिवाय बहिणाबाईंची कविता सर्वांच्या ओठांवर. पण उत्तर आपल्या डोक्यातले नको, उताऱ्यातले हवे. म्हणून ‘नर’ या शब्दाला गोल करायचा. माणसांची नावे, गावे, आकडे यांनाही असाच गोल.

प्रश्न : ‘तो ते सोडून देतो’ यात ‘ते’ म्हणजे काय? ‘ते’पासून मागे ‘घरटे’ शब्दापर्यंत बाण काढायचा. तो, ती, ते, त्याने हे शब्द फार फसवतात. माझ्या मते सगळ्यांत कामाची खूण हा बाणच.

प्रश्न : नर दुसरे घरटे केव्हा विणतो? येथे ‘परंतु’ला चौकट करा. पण, परंतु, मात्र, म्हणून हे शब्द आले की गोष्ट वळण घेते, आणि प्रश्न बहुधा त्या वळणावरच काढलेला असतो.

शीर्षकाच्या प्रश्नाला मात्र खूण कामाची नाही. प्रत्येक वाक्य कशाबद्दल बोलते ते पाहायचे. येथे पाचही वाक्ये घरट्याबद्दल आहेत, म्हणून ‘झाडावरचे पक्षी’ हे शीर्षक चुकीचे.

खुणा प्रश्नपुस्तिकेतच करायच्या. उत्तरपत्रिका वेगळी असते, तिच्यावर उत्तराचा गोल भरण्याखेरीज एक रेघसुद्धा मारू नये.

घरी सरावाला जुने वर्तमानपत्र घ्या. भेळीचा कागदही चालतो, तेलाचे डाग सोडून! आईबाबांनी फक्त पाच प्रश्न विचारावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी बातमी ऐकून प्रश्न विचारले तरी चालेल. माझी आजी तसेच विचारते, आणि तिचे प्रश्न गुरुजींपेक्षा अवघड असतात.

शेजारी दुसरा उतारा चिकटवला आहे, त्यावर एकही खूण नाही. खिळ्याला पेन्सिल बांधली आहे. आलेल्या पालकांनीही करून पाहावे.