वस्तीवरच्या वर्कशॉपसाठी वाईस कसा घ्यावा?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागणीचे अंतर आणि हुमणी सोडून वाईसवर का लिहावे, असे काही जण विचारतील. त्याचे उत्तर माझ्या डाव्या अंगठ्यावर आहे. तिथे सात टाक्यांची खूण आहे.

काही वर्षांपूर्वी ऐन गळीत हंगामात आमच्या घरच्या उसाला तोड आली. टोळीने सकाळी फड मोकळा केला आणि ट्रॉली भरता भरता हुकाची पट्टी तुटली. रविवार असल्याने तालुक्यातली दुकाने बंद होती. वस्तीवर भावाच्या शेडमध्ये ड्रिल मशीन होते, म्हणून म्हटले, दोन भोकांचे तर काम, आपणच करू. पट्टी हाताने धरली. भोक आरपार व्हायच्या क्षणी ड्रिल पट्टीत अडकले, पट्टी गरकन फिरली आणि अंगठा फाटला. मी दवाखान्यात आणि ट्रॉली जागेवर. दीड दिवस ऊस फडात वाळला. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर दोन्ही तासातासाने घटतात, चोवीस तासांच्या आत त्याचे गाळप व्हावे, असे मीच तुम्हांला मेळाव्यात सांगत असतो. त्या आठवड्यात चिटबॉयसमोर मान वर करायची सोय राहिली नव्हती.

आणि शेडमध्ये वाईस नव्हता असे नाही. होता. पण तो आम्ही रंग आणि वजन बघून घेतलेला. काम आवळले की त्याचा सरकता जबडा वर उचलायचा आणि काम तिरके व्हायचे. म्हणून तो कोपऱ्यात पडलेला आणि काम हातात! चुकीचा वाईस घेतला की तो असून नसल्यासारखा होतो, हे त्या दिवशी कळले.

गेल्या ऑफ सीझनमध्ये आमच्या गटातल्या एका सभासदाचा मुलगा गट ऑफिसला आला. आय.टी.आय. झालेला, वस्तीवर शेड टाकून आसपासच्या शेतकऱ्यांची किरकोळ कामे करणारा. "साहेब, जुनं मिलिंग मशीन घेतलंय. त्याला वाईस कोणता घेऊ?" माझी पदविका शेतकीची. म्हणून त्याला घेऊन कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे मिल रोलरवर खाचा पाडायचे काम लेथवर चालू होते. आमच्या जुन्या मिस्त्रींनी हातातले काम ठेवले आणि तासभर समजावून सांगितले. ते सर्वांच्या उपयोगाचे आहे म्हणून येथे देत आहे.

आधी काम ठरवा

वाईस म्हणजे शेगडा. पण सगळे वाईस एका कामाचे नव्हेत. बाकाला बोल्टने आवळलेला तो बाक वाईस. कानस मारणे, करवतीने कापणे, पान्याने आवळणे यासाठी तो हवा. ड्रिल मशीनखाली ठेवतात तो ड्रिल वाईस, हलका आणि बुटका. मिलिंग मशीनचा वाईस मात्र जड, तळ व जबडे ग्राइंड केलेला आणि टेबलाला पक्का आवळता येणारा असतो. चावीची खाच पाडताना कटर कामाला सारखे धक्के देत असतो. तिथे ड्रिल वाईस लावला तर काम हलते, कटर मोडतो आणि तुकडा उडतो.

ज्यांच्याकडे मिलिंग मशीन नाही, त्यांनी उगीच भारी वाईसच्या मागे लागू नये. ४ किंवा ५ इंची चांगला बाक वाईस आणि एक ड्रिल वाईस, एवढ्यात वस्तीवरची बहुतेक कामे निघतात.

मोठा म्हणजे चांगला नव्हे

वाईसचे माप म्हणजे जबड्याची रुंदी. ते मशीनच्या टेबलाला शोभले पाहिजे. अमेरिकेत १९३८ साली ब्रिजपोर्ट हे उभे मिलिंग मशीन निघाले. जुन्या बाजारात मिळणारी अनेक टरेट मिलिंग मशीने त्याच घडणीची आहेत. त्यांचे टेबल साधारण ९ इंच रुंद असते आणि त्यावर ६ इंची वाईस हा रूढ जोड आहे. बाकावर ठेवायच्या छोट्या मशीनला ३ किंवा ४ इंची पुरतो.

पोराचे मशीन छोटे, पण त्याच्या मनात ६ इंची भरलेला. मिस्त्रींनी त्याला कागदावर बेरीज मांडायला लावली : वाईसची उंची, त्यात कामाची उंची, वर कटर आणि चक. बेरीज स्पिंडलखालच्या जागेपेक्षा जास्त झाली! म्हणजे वाईस बसला असता, पण काम बसले नसते. ही बेरीज घरूनच करून जावी. टेबलावरच्या टी-खाचांची रुंदी आणि त्यांच्यातले अंतरही मोजून न्यावे. नाहीतर बोल्ट जुळत नाहीत.

वाईसखाली फिरता तळ मिळतो. दिसायला छान, पण तो उंची खातो आणि पकड ढिली करतो. रोजच्या कामाला तो काढून ठेवावा.

जबडा उचलतो का, ते बघा

खरी परीक्षा ही. साध्या वाईसमध्ये स्क्रू खालून ढकलतो आणि काम वर धरलेले असते. त्यामुळे आवळताना सरकता जबडा किंचित वर उचलतो, काम त्याच्याबरोबर वर येते आणि भोक वा खाच तिरकी जाते. यावर तोड म्हणून चांगल्या मिलिंग वाईसमध्ये जबड्याच्या आत तिरका उतार आणि अर्धगोल तुकडा असतो. त्यामुळे आवळण्याचा काही जोर जबड्याला खाली दाबतो. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या कुर्ट कंपनीचे वाईस याच रचनेसाठी प्रसिद्ध आहेत. आता तशा घडणीचे वाईस इतरही बनवतात. मिलिंगसाठी घ्यायचा तर दुकानदाराला हीच रचना आहे का, ते विचारावे.

दुकानात जाताना खिशात चार कागदाच्या चिठ्ठ्या, एक सरळ कापलेला लोखंडी ठोकळा, दोन सारख्या उंचीच्या पट्ट्या आणि गुण्या न्यावा. वाईसमध्ये दोन पट्ट्या ठेवून त्यांच्या चारही टोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात, वर ठोकळा ठेवून वाईस आवळावा आणि एकेक चिठ्ठी ओढून बघावी. चारही घट्ट राहिल्या तर उत्तम. सरकत्या जबड्याकडच्या दोन्ही सुटल्या तर जबडा उचलतो आहे. मग गुण्या लावून स्थिर जबडा तळाशी काटकोनात आहे का बघावे. शेवटी सरकता जबडा हाताने वर-खाली हलवावा. खडखड वाजत असेल तर तो वाईस तिथेच ठेवावा.

बीड, पोलाद आणि जुना माल

बहुतेक वाईस बिडाचे असतात. बीड दाब सोसते, घाव सोसत नाही. बाक वाईसचा ऐरण करून त्यावर पिना ठोकाल तर एक दिवस जबडा तुटेल. ज्यांना ठोकाठोकी टाळता येत नाही त्यांनी पोलादी अंगाचा वाईस घ्यावा, पैसे जास्त पडले तरी. जबड्यावरच्या पट्ट्या कडक पोलादाच्या आणि स्क्रूने बदलता येण्याजोग्या असाव्यात.

बंद पडलेल्या वर्कशॉपमधला जुना वाईस पुष्कळदा नव्या स्वस्त वाईसपेक्षा सरस निघतो. मात्र नवा रंग दिलेला असेल तर सावध राहावे. रंगाखाली वेल्डिंगचा जोड किंवा बुजवलेली भोके असतात. स्क्रू पूर्ण उघडून मधले आटे झिजले आहेत का बघावे, कारण वापर तिथेच सर्वांत जास्त असतो. नवा घेताना पक्की पावती घ्यावी.

बसवताना आणि वापरताना

बाक वाईसच्या जबड्याचा वरचा काठ उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला यावा. स्थिर जबडा बाकाच्या कडेच्या किंचित बाहेर असावा, म्हणजे लांब काम उभे धरता येते. दांड्याला पाइप घालून आवळू नये.

मिलिंगला कटरचा जोर स्थिर जबड्यावर यावा अशी मांडणी करावी. ड्रिल वाईस टेबलाला बोल्टने आवळावा. ते जमत नसेल तर निदान एक लांब मजबूत दांडी वाईसला पक्की करून ती मशीनच्या खांबाला डाव्या बाजूने टेकवावी, म्हणजे काम फिरू लागले तरी दांडी अडेल. भोक आरपार व्हायच्या वेळी हात हलका करावा. ड्रिल चालू असताना हातमोजे घालू नयेत, मोजा गुंडाळला की हात आत ओढला जातो.

पोराने शेवटी ४ इंची घेतला. दुकानदार चिठ्ठ्या बघून हसला, पण दोन वाईस नापास झाल्यावर आतून तिसरा काढून दिला. तो पास झाला. परवा त्याच्या शेडवर गेलो तेव्हा शेजारच्या वस्तीवरची ट्रॉलीची पट्टी वाईसमध्ये आवळलेली होती आणि त्याचे दोन्ही हात मोकळे होते.

तरी सभासदांनी हंगाम सुरू होण्याआधी आपापल्या शेडमधला वाईस एकदा चिठ्ठ्या लावून तपासून घ्यावा, आणि पट्टी हाताने धरून ड्रिल मारायची सवय घरातल्या पोरांना लागू देऊ नये, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी