कोळ्यासारखा, पण कोळी नव्हे!

पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या जंगलात ओला दगड उलटला किंवा खोडाशी साचलेला पालापाचोळा सारला, की मसुराच्या दाण्याएवढे अंग आणि केसासारखे लांब पाय असलेला एखादा जीव लगबगीने पळताना दिसू शकतो. पाय आठ, म्हणून त्याला ‘कोळी’ ठरवले जाते आणि लगेच चप्पल उचलली जाते. प्रत्यक्षात तो कोळी नाही आणि विषारीही नाही.

शास्त्रज्ञ त्याच्या गणाला ‘ओपिलिओनीस’ म्हणतात. युरोपात तो सुगीच्या दिवसांत जास्त दिसतो, म्हणून इंग्रजीत त्याचे नाव ‘हार्वेस्टमन’. कोळी, विंचू, गोचीड आणि हा, सगळे अष्टपाद वर्गातले. पण गण वेगवेगळे. कोळ्याच्या शरीराचे दोन भाग बारीक कमरेने जोडलेले असतात, याचे अंग एकसंध असते. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे, याला बहुधा दोनच, तेही पाठीवरच्या उंचवट्यावर. याच्याकडे जाळ्याचा धागा नाही आणि विषग्रंथीही नाहीत. कोळी भक्ष्याचा रस शोषतो. हा मात्र लहान किडे, मेलेले जीव, बुरशी असे घन अन्न तुकडे करून खातो.

पायांची दुसरी जोडी चाचपण्यासाठी असते. शत्रूने पाय पकडला तर कित्येक जाती तो तोडून निसटतात. तुटलेला पाय काही वेळ वळवळत राहतो, पण नवा फुटत नाही. शिवाय अंगातल्या ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव सोडून शत्रूला दूर ठेवता येते. स्कॉटलंडमध्ये सापडलेले याचे जीवाश्म सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

जगात याच्या साडेसहा हजारांहून अधिक जाती माहीत असून त्या चार उपगणांत मोडतात. त्यातला एक उपगण अवघ्या काही मिलिमीटरच्या, आखूड पायांच्या जीवांचा आहे. ईशान्य भारतात सापडलेल्या अशाच एका जातीचे ‘मेघालया ॲनांडेली’ हे नामकरण २००७ मध्ये झाले. ते करणाऱ्या तिघा संशोधकांत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे बस्तवडे होते.

अकोल्याच्या घरांत छताच्या कोपऱ्यात जाळे करून लटकणारा लांब पायांचा जीव मात्र खरा कोळीच. इंग्रजीत दोघांनाही ‘डॅडी लाँगलेग्ज’ म्हणतात, त्यातून ‘हा जगातला सर्वांत विषारी’ ही अफवा पसरली. घरातला हा कोळी माणसाला धोकादायक नाही. उलट तो डास खातो.

खरी सावधगिरी हवी ती याच वर्गातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिगर माइटबाबत. चावते ती त्याची अळी आणि तिला पाय सहाच असतात! तिच्यातून स्क्रब टायफसचे जंतू शरीरात जातात. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात या आजाराचे रुग्ण आढळले होते. गवतात, झुडपांत काम केल्यानंतर ताप आला, डोके व अंग दुखू लागले, तर काख, जांघ, कमरेजवळ चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का ते पाहावे. खपली दिसली नाही तरी ताप अंगावर काढू नये. शेतात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेत दिलेल्या डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाने रुग्ण बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंड आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

शेतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, घरी आल्यावर ते धुऊन अंघोळ करावी. आणि पालापाचोळ्यातला तो लांबटांग्या दिसलाच, तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.