ओळख दोन्हीकडून पटावी : महाविद्यालयाचे वाय-फाय आणि विद्यार्थ्याचा फोन

(लेखमाला : माहितीचे मार्ग, भाग सातवा)

मागील भागात बिनतारी लहरी भिंतींतून कशा जातात आणि एका इमारतीत अनेक प्रवेशस्थाने, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, का बसवावी लागतात याचा विचार झाला. या भागात त्या प्रवेशस्थानांशी विद्यार्थ्यांचे स्वतःचे फोन आणि संगणक कसे जोडले जातात, हे पाहावयाचे आहे. पैठणच्या प्रतिष्ठान महाविद्यालयासारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, विद्यापीठाचा परीक्षा अर्ज आणि ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रम ही सर्व कामे आता आंतरजालावर होतात, आणि ज्यांच्या घरी संगणक नाही अशा विद्यार्थ्यांना ती हातातील फोनवरच उरकावी लागतात.

वाय-फायचे पहिले मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. तेव्हापासून सर्वांसाठी एकच पासवर्ड ठेवण्याची सोपी पद्धत घरांप्रमाणे महाविद्यालयांतही रूढ झाली. घरात ती चालते, कारण तेथे माणसे मोजकी आणि परिचयाची असतात. परंतु दरवर्षी शेकडो विद्यार्थी येतात-जातात अशा संस्थेत तो पासवर्ड अल्पावधीत गावभर होतो, बदलायचा तर सर्वांची जोडणी एकदम तुटते आणि जाळ्याचा दुरुपयोग झाल्यास तो नेमका कोणी केला हे सांगता येत नाही. शिवाय डब्ल्यूपीए-२ या प्रचलित संरक्षणपद्धतीत सामायिक पासवर्ड ठाऊक असणारा मनुष्य शेजारच्या उपकरणाची जोडणी होत असतानाच्या लहरी टिपून घेऊ शकला, तर त्या उपकरणाच्या संदेशांवरील वाय-फायचे आवरणही त्याला उलगडता येते.

या उणिवेचे गांभीर्य महाराष्ट्राला २००८ मध्ये कळले. त्या वर्षी जुलैत अहमदाबादेत झालेल्या बॉम्बस्फोटांशी संबंधित धमकीचे ईमेल नवी मुंबई आणि मुंबईतील इतरांच्या वाय-फायमधून पाठवले गेले आणि त्यांपैकी ऑगस्टमधील ईमेलसाठी माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्याचा गैरवापर झाल्याचे तपासात आढळले. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने आंतरजाल सेवा देणाऱ्या कंपन्यांना वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याविषयी सूचना दिल्या. तेव्हापासून जाळ्याने उपकरणापेक्षा माणसाला ओळखावे, ही अपेक्षा दृढ झाली.

ही अपेक्षा पुरी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात जोडणी झाल्यावर ब्राउझरमध्ये एक पान उघडते आणि तेथे नाव व पासवर्ड भरल्यावर पुढची वाट मोकळी होते. ही सोय उभारण्यास सुलभ आहे, परंतु केवळ अशा पानामुळे हवेतील लहरींना कूटसंरक्षण मिळत नाही. असे जाळे उपकरणाला सहसा त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या जाळे-क्रमांकावरून, ओळखते. मात्र अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन खासगीपणासाठी बनावट मॅक पत्ता वापरतात आणि तो पत्ता बदलला की विद्यार्थ्याला पुन्हा लॉगिन करावे लागते.

दुसरा मार्ग ८०२.१एक्स या मानकाचा आहे. त्यात तीन घटक असतात : विद्यार्थ्याचे उपकरण, दारावर थांबवणारे प्रवेशस्थान आणि नावांची यादी सांभाळणारा रेडियस सर्व्हर. प्रवेशस्थान स्वतः निर्णय न घेता विचारणा सर्व्हरकडे पाठवते, सर्व्हरने होकार दिला की प्रत्येक जोडणीसाठी वेगळी कूटकिल्ली तयार होते आणि एखादा विद्यार्थी संस्था सोडून गेल्यास केवळ त्याचे खाते बंद करणे पुरेसे होते.

मात्र येथे एक बाब वारंवार दुर्लक्षिली जाते. विद्यार्थी स्वतःची ओळख जाळ्याला पटवतो, पण समोरचे जाळे खरोखर महाविद्यालयाचेच आहे हे त्याच्या फोनला कसे कळावे? त्याच नावाचे खोटे प्रवेशस्थान कोणीही उभारू शकतो, आणि पीईएपी या प्रचलित पद्धतीत फोनने तपासणी न करता उत्तर दिल्यास त्या उत्तरावरून पासवर्ड शोधून काढता येतो. यासाठी सर्व्हरपाशी डिजिटल प्रमाणपत्र असते. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सीए प्रमाणपत्र’ (म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र) आणि ‘डोमेन’ (म्हणजे सर्व्हरचे अधिकृत नाव) ही दोन घरे नीट भरली, तर फोन प्रथम सर्व्हरची खातरी करतो आणि मगच पासवर्डची बाब पुढे नेतो. ‘तपासणी करू नका’ असा पर्याय निवडण्याची सवय पूर्वी सर्रास होती. डिसेंबर २०२० मधील सुधारणेने अँड्रॉइड ११ मधून तो काढण्यास आरंभ झाला आणि त्या सवयीवर उभी असलेली अनेक मार्गदर्शक पत्रके निरुपयोगी ठरली. लॅपटॉपचे घड्याळ चुकीच्या तारखेवर असल्यास वैध प्रमाणपत्रही मुदतबाह्य दिसते, म्हणून जोडणी अडली की तारीख तपासणे हा पहिला उपाय होय.

याच व्यवस्थेचा विस्तार म्हणजे एडुरोम. युरोपात सुरू झालेल्या आणि भारतात अर्नेट या शैक्षणिक जाळ्यामार्फत चालणाऱ्या या योजनेत सहभागी संस्थेचा विद्यार्थी दुसऱ्या सहभागी संस्थेत गेला, तर त्याची विचारणा त्याच्या मूळ संस्थेकडे जाते आणि होकार तेथूनच येतो. पैठण आगारात काढलेला एसटीचा पास दुसऱ्या आगाराच्या वाहकानेही मान्य करावा, तसे हे आहे. पैठणचे महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठ दोन्ही अशा योजनेत असतील, तर ग्रंथालयात संदर्भ पाहण्यासाठी आलेल्या पैठणच्या विद्यार्थ्याला तेथे नवे खाते मागावे लागणार नाही.

तात्पर्य असे की, सुरक्षित जोडणीची जबाबदारी केवळ विद्यार्थ्यावर टाकणे न्याय्य नव्हे. जाळ्याचे अचूक नाव, डोमेन आणि प्रमाणपत्राची माहिती देणारे मराठी पत्रक प्रवेशाच्या वेळीच हाती देणे आणि फोनची जोडणी करून देणारा जाणकार कर्मचारी पहिल्या आठवड्यात उपलब्ध ठेवणे, ही संस्थेची कर्तव्ये आहेत. कारण शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आलेली असताना जो विद्यार्थी जोडणीअभावी ताटकळतो, त्याचे नुकसान तांत्रिक नसून शैक्षणिक असते.

(पुढील भागात : जाळ्यावरील नोंदी किती काळ जपाव्यात आणि विद्यार्थ्याच्या खासगीपणाची मर्यादा कोठे आखावी.)