अदृश्य बाजारपेठेची मोजदाद

मुंबई-ठाण्याकडच्या मजूर नाक्यांवर सकाळच्या प्रहरी थापी, रंधा किंवा रंगाचा ब्रश घेऊन उभी राहणारी माणसे ज्याने पाहिली असतील, त्याला श्रमांचा बाजार म्हणजे काय हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कारण तेथे काम देणारा आणि काम मागणारा समोरासमोर असतात, रोजाचा दर तोंडी ठरतो, आणि आज किती माणसे कामावाचून परत गेली याचा अंदाज वाटेवरच्या तिऱ्हाइतालाही बांधता येतो. गेल्या पाव शतकात मात्र श्रमांचा असा एक बाजार जगभर पसरला आहे, की ज्याचा नाका कोठेच दिसत नाही. न्यूयॉर्कमधला एखादा लहान व्यावसायिक संकेतस्थळ बांधून घेण्याचे काम जाहीर करतो, ढाका, मनिला, नैरोबी, पुणे अशा दूरदूरच्या शहरांतून त्यावर अर्ज येतात, त्यांतील एक मंजूर होतो, काम पुरे होऊन पैसेही वळते होतात, आणि एवढ्या सगळ्या व्यवहारात उभय पक्षांनी एकमेकांचे तोंडसुद्धा पाहिलेले नसते.

हा बाजार केवढा आहे, त्यात कोण आहेत, आणि त्यांच्या पदरात काय पडते, या साध्या प्रश्नांचे उत्तर दहा वर्षांपूर्वीपर्यंत कोणत्याही सरकारच्या दप्तरात सापडण्यासारखे नव्हते. सरकारी पाहणी देशाच्या हद्दीत चालते, आणि येथे मालक समुद्रापलीकडे असतो. पाहणीतला माणूस मुख्यतः एका धंद्याने ओळखला जातो, आणि येथे एकच व्यक्ती सकाळी भाषांतर करते, दुपारी शिकवणी घेते आणि रात्री परदेशी दुकानाचे हिशेब लिहिते. जुनी मापे अशी अपुरी पडू लागली तेव्हा समाजशास्त्राचे प्रश्न संगणकाच्या साधनांनी सोडवू पाहणारा, म्हणजे प्रश्नावली घेऊन दारोदार जाण्याऐवजी व्यवहारांच्या मागे उरणाऱ्या असंख्य नोंदींतून समाजाची रचना वाचणारा, एक नवा अभ्यासकवर्ग पुढे आला. फिनलंडचे विली लेहडोनविर्ता हे त्यांतले अग्रगण्य नाव. तरुणपणी त्यांनी संगणकीय खेळांसाठी प्रोग्रॅम लिहिले. त्या खेळांतल्या आभासी वस्तूंची खरीखुरी खरेदी-विक्री पाहून त्यांचे लक्ष अर्थव्यवहाराच्या समाजशास्त्राकडे वळले, आणि पुढे ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ऑनलाइन श्रमांचा अभ्यास हाती घेतला.

ओटो केस्सी या अर्थशास्त्रज्ञाच्या सहकार्याने त्यांनी 2016 मध्ये ‘ऑनलाइन लेबर इंडेक्स’ हा निर्देशांक सुरू केला. त्याची पद्धत समजण्यास मुळीच अवघड नाही. इंग्रजी भाषेत चालणाऱ्या पाच मोठ्या प्लॅटफॉर्मांवर, म्हणजे अशी कामे देण्याघेण्याच्या संकेतस्थळांवर, त्यांचा प्रोग्रॅम ठरावीक अंतराने जाई, तेथे त्या क्षणी जाहीर असलेले प्रत्येक काम टिपी, ते कोणत्या धंद्याचे आणि कोणत्या देशातल्या मालकाचे आहे हे पाही, आणि मागच्या फेरीत नसलेली कामे नवी म्हणून जमा धरी. पुढे 2020 च्या आवृत्तीत स्पॅनिश आणि रशियन भाषांतील प्लॅटफॉर्मही घेण्यात आले. या मोजदादीतून दिसले ते असे, की काम देणाऱ्यांत अमेरिका सर्वांच्या पुढे आहे आणि काम करणाऱ्यांत भारत, विशेषतः सॉफ्टवेअरच्या कामात. अशा नोंदींतून कामे दिसतात, परंतु प्रत्यक्ष हातात पडलेला पैसा दिसत नाही, ही या मोजदादीची मर्यादा वाचकाने लक्षात ठेवावी.

कामांची संख्या अशी हाती आली. माणसांची संख्या त्याहून कठीण. केस्सी, लेहडोनविर्ता आणि फाबियान स्टेफनी यांनी 2021 मध्ये केलेल्या खानेसुमारीत जगभरच्या प्लॅटफॉर्मांवर 16 कोटी 30 लाख नावे नोंदलेली असावीत असा अंदाज निघाला. परंतु त्यांतल्या सुमारे दहात एकालाच तेथे कधी काळी एखादे तरी काम मिळाले होते. जागतिक बँकेने 2023 च्या अहवालात ऑनलाइन काम करणाऱ्यांची संख्या 15 कोटी 40 लाख ते 43 कोटी 50 लाखांच्या दरम्यान धरली. या दोन टोकांमधले अंतर 28 कोटींचे आहे, म्हणजे कित्येक मोठ्या राष्ट्रांची अख्खी लोकसंख्या त्यात सामावेल. आणि तरीही ते अंतर न लपवता मांडणाऱ्या शास्त्राबद्दल माझ्या मनात आदरच उत्पन्न होतो.

मला स्वतःला या सर्व संशोधनात अधिक अस्वस्थ करतो तो दहातल्या त्या नऊ जणांचा प्रश्न. त्यांना काम का मिळाले नाही? अंगी गुण नव्हते म्हणून, असे उत्तर चटकन सुचते. अमांडा पॅले या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने ओडेस्क या प्लॅटफॉर्मवर एक प्रयोग करून, 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, त्याची शहानिशा केली आहे. माहिती टंकून देण्याच्या कामासाठी तिच्याकडे 3,767 अर्जदार आले. त्यांतून केवळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने 952 जण निवडून तिने त्यांना सुमारे दहा तासांचे काम दिले आणि काम झाल्यावर प्रत्येकाविषयी शेरा लिहिला. निवड दैवाधीन असल्यामुळे घेतलेले आणि न घेतलेले यांच्या योग्यतेत सरासरीने काही भेद असण्याचे कारणच नव्हते. असे असताना ज्यांना ते एक लहानसे काम मिळाले त्यांना, विशेषतः नवख्यांना, पुढे अधिक कामे मिळाली आणि अधिक मोबदलाही मिळाला. म्हणजे या बाजारात अडते ते पहिल्या शेऱ्यापाशी. अनुभवावाचून काम नाही आणि कामावाचून अनुभव नाही, हे दुःख जुनेच. पण नाक्यावर निदान ओळखीचा मुकादम रदबदली करतो, येथे रदबदली करण्यास कोणी नाही.

आणि ज्याला शेरे मिळाले त्याची तरी स्थिती काय? वर्षानुवर्षांच्या मेहनतीने जमविलेली ती पत त्याच्या मालकीची नसते. ती प्लॅटफॉर्मच्या दप्तरात राहते, आणि दुसरीकडे जावे तर पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ. 2022 च्या ‘क्लाउड एम्पायर्स’ या ग्रंथात लेहडोनविर्ता यांनी या स्थितीची मीमांसा केली आहे. इंटरनेटच्या आद्य पुरस्कर्त्यांना सरकारावाचून चालणारा समाज हवा होता. परंतु अपरिचितांमध्ये व्यवहार व्हायचा तर नियम हवेत, तंटे तोडणारा हवा, लबाडी करणाऱ्यास शासन हवे, आणि ही सगळी कामे पत्करता पत्करता कंपन्याच सरकारे होऊन बसल्या. याचेच एक उदाहरण पाहा. पवईच्या आयआयटीत शिकलेले बीरुड शेठ हे इलान्स या प्लॅटफॉर्मच्या संस्थापकांपैकी एक. ओडेस्क काढली दोघा ग्रीक मित्रांनी. पुढे या दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि 2015 मध्ये अपवर्क हे नाव घेतले. या अपवर्कने 2016 मध्ये एका ग्राहकाकडून होणाऱ्या पहिल्या 500 डॉलरच्या कमाईवर 20 टक्के वसूल करण्याचा नियम केला, आणि तो 2023 पर्यंत चालला. अशी वसुली म्हणजे आधुनिक जकातच होय. फरक एवढाच, की जकात बसविणाऱ्या राजसत्तेपुढे आज प्रजेचे प्रतिनिधी असतात, येथे नसतात. खाते बंद झाले की माणूस बरतर्फ होतो, आणि दाद मागायची ती ज्याने बरतर्फ केले त्याच्याचकडे.

अमेझॉनने 2005 मध्ये सुरू केलेल्या मेकॅनिकल टर्क या प्लॅटफॉर्मवर तर कामाचे तुकडे इतके बारीक, की एकेकाचे मोल काही सेंट. 2018 च्या एका अभ्यासात 2,676 जणांनी केलेली 38 लाख कामे तपासली, तेव्हा मधल्या कामगाराची तासाची कमाई सुमारे 2 डॉलर भरली. अमेरिकेचे किमान वेतन 7.25 डॉलर असून त्याहून अधिक मिळविणारे केवळ 4 टक्के निघाले. लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन यांनी ‘टर्कॉप्टिकॉन’ हे साधन उभारून कामगारांना मालकांविषयी शेरे लिहिण्याची सोय करून दिली. या व्यवस्थेत न्यायाच्या दिशेने पडलेले ते एक मोलाचे पाऊल होय.

आपल्याकडे नीती आयोगाने गिग कामगारांची, म्हणजे कायम नोकरीवाचून सुट्या कामांवर राबणाऱ्यांची, 2020-21 सालची संख्या 77 लाख धरली, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांची व्याख्या आली, राजस्थानने 2023 मध्ये स्वतंत्र कायदा केला. परंतु कायद्याच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने रस्त्यावरून जेवणाचे डबे पोहोचविणारा स्वार आहे. घरातल्या खोलीत बसून परदेशच्या मालकाची चाकरी करणारा अद्याप फारसा नाही. माझ्या मते त्याच्यासाठी पहिला कायदा हा व्हावा, की त्याच्या कामाची नोंद आणि त्यावरचे शेरे हे त्याच्या मागणीसरशी त्याच्या हवाली केले जातील आणि कोणत्याही प्लॅटफॉर्मवर ग्राह्य धरले जातील. तोपर्यंत वाचकांच्या हाती असलेली एक गोष्ट त्यांनी अवश्य करावी: 1 मार्च 2027 ही संदर्भतिथी धरून होणाऱ्या जनगणनेचा प्रगणक दाराशी येईल आणि घरातल्या कोणाच्या धंद्याविषयी विचारील, तेव्हा रात्री जागून संगणकावर कामे करणाऱ्या मुलामुलींविषयी ‘काही करत नाही’ असे सांगू नये, ते काय करतात, ते नीट लिहवून घ्यावे.