धुऱ्यावरचे तास

पहाटे 5

महाविद्यालयाच्या पत्रावर दोघींच्या क्षेत्रकार्याची वेळ सकाळी 10 ते सायंकाळी 5 अशी छापलेली होती. प्राध्यापकांना भेटून ती पहिल्याच आठवड्यात बदलून घेतली. ज्यांच्यासाठी या मुली आल्या आहेत, ती माणसं दहा ते पाच या वेळात हातात विळा घेऊन वाकलेली असतात. अंगणवाडी, तलाठी कार्यालय, लसीकरणाचं सत्र, बँक हे सगळं नेमकं तेव्हाच उघडं असतं. म्हणून आमचा दिवस अंधारात सुरू होतो आणि अंधारातच संपतो. मधला वेळ कागदांचा.

दोघी एम.एस.डब्ल्यू.च्या विद्यार्थिनी. एक बुलढाणा तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी. दुसरी धारणीकडची, घरी कोरकू बोलणारी. मी चिखलीत राहते, शाळेतून निवृत्त झाले, आणि सोयाबीनच्या हंगामात बाहेरून आलेल्या मजुरांमध्ये हे काम करते.

चिखली-मेहकर पट्ट्यात सप्टेंबरअखेरीला सोयाबीन सगळीकडे एकदमच पिकतं. शेंग तडकायच्या आत सोंगणी झाली नाही तर दाणा वावरातच सांडतो. तेवढे हात गावात उरलेले नाहीत. इथली तरुण मुलं पुण्याला, सुरतेला; लोणारकडच्या तांड्यांवरची कुटुंबं दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला. मग मेळघाटातून, बऱ्हाणपूर-खंडव्याकडून मजूर येतात, बायकामुलांसह, पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून. आपली माणसं परगावी कशी राहत असतील याचा घोर ज्या जिल्ह्याला आहे, त्यानं दाराशी आलेल्यांना ‘बाहेरचे’ म्हणावं, हे मला सहन होत नाही.

साडेपाच

वावराच्या कडेला पत्र्याचा कोठा, त्याला लागून ताडपत्रीची चार पालं. चुली पेटलेल्या. बायका भाकरी थापतायत, पुरुष विळ्यांना धार लावतायत. हाच तास आमचा. सातला सगळे आपापल्या तासाला, पिकाच्या ओळीला, लागतील, त्यानंतर कुणाला हाक मारायची नाही असं आम्ही ठरवून घेतलंय. सोंगणी उक्ती असते, एकराचा दर ठरलेला. दव असलेली सकाळ हाती लागली तर काम झपाट्यानं होतं. उन्हं चढली की शेंगा फुटायला लागतात. सकाळचा अर्धा तास त्यांच्या मजुरीतून जातो.

धारणीची मुलगी चुलीपाशी उकिडवी बसून कोरकूत बोलायला लागते, आणि मी जे आठ दिवस हिंदी-मराठीत विचारत होते त्याची उत्तरं पाच मिनिटांत मिळतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाली-मुंडारीची बहीण. मराठीशी तिचं नातं नाही. आमच्या आशाताई मनापासून समजावतात, समोरची बाई मान डोलावते, आणि तिला काहीच कळलेलं नसतं. या कामाला भाषा येणारं माणूस आधी लागतं, बाकीचं नंतर.

आज कुपोषण तपासायला एका लेकराचा दंड मोजायचाय. वय चौदा महिने, असं आई सांगते. बाळाचा डावा हात कोपरात दुमडून खांदा आणि कोपर यांच्या मधोमध खूण करायची, मग हात सरळ सोडून पट्टी गुंडाळायची. ओढायची नाही, सैल ठेवायची नाही. पट्टीवर तीन रंग: साडेबारा सेंटिमीटरपासून पुढं हिरवा, त्याखाली पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. चुलीच्या उजेडात पिवळा आणि हिरवा ओळखू येत नाहीत, म्हणून आम्ही रंगावर जात नाही, मोबाइलची बॅटरी लावून आकडाच वाचतो. 11.9. बाळ रडत नाही, पट्टीचं टोक तोंडात घालायला बघतं. भूक आहे, ही चांगली खूण.

आईनं माता-बाल संरक्षण कार्ड आणलंय. तांदळाच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर दोरा बांधून. नवव्या महिन्याच्या रकान्यात गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसची जागा कोरी. जूनमध्ये घेणार होते, म्हणाली. पेरणीच्या कामाला अकोटकडे आलो, राहून गेलं.

सात ते दहा

मजूर तासाला लागले. आम्ही गावात आलो. आता लस देणाऱ्या सिस्टरची गाठ.

लसीकरणाचं सत्र ठरल्या दिवशी अंगणवाडीत असतं. तिथं वावरातल्या बायका येणार नाहीत, हे सिस्टरलाही ठाऊक आहे. तिची अडचण वेगळी. गोवर-रुबेलाची कुपी एकदा मिसळली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकून द्यायची. एका कुपीत अनेक डोस. एका लेकरासाठी ती फोडायला तिचा हात धजत नाही, आणि वर हिशेबही द्यावा लागतो. ‘ताई, किती लेकरं जमतील ते सांगा’, एवढंच तिचं म्हणणं. रास्त आहे.

म्हणून गेले काही दिवस दोघी मुली वावरं हिंडून यादी करत होत्या. चार शेतकऱ्यांकडच्या मजुरांची लस चुकलेली लेकरं एका धुऱ्यावर, न्याहारीच्या सुट्टीत आणायची. साडेनऊला सिस्टर लसीचा निळा डबा घेऊन दुचाकीवर आली. बाभळीखाली सतरंजी. झोळीतून उचललेली लेकरं, मांडीवर घेतलेल्या आया, हातांना सोयाबीनची कुसळं चिकटलेली. सुई टोचल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, लेकराकडं लक्ष ठेवायला. चौदा महिन्यांच्या बाळाची आई दहा मिनिटांत उठायला लागली, तेव्हा बुलढाण्याची मुलगी काही न बोलता तिचा विळा घेऊन तिच्या तासाला लागली. शेतकऱ्याची पोर, तिचा हात चांगला चालतो. नवऱ्यानं एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा खाली वाकला. आई बसली.

सिस्टरनं कार्डावर तारीख घातली, आणि दुसऱ्या डोससाठी बाळाला सोळा महिने झाल्यानंतरची तारीख पेन्सिलीनं. तेव्हा हे कुटुंब कुठं असेल, हे कार्डाशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

साडेदहा

जिल्हा परिषदेची शाळा. नऊ वर्षांची मुलगी, कडेवर दीड वर्षाची बहीण. आई वावरात असल्यावर धाकटीला हिनंच सांभाळायचं. शाळेत बसायची हौस मोठी. काल खिडकीबाहेर उभी राहून पाढे म्हणत होती.

2009 चा शिक्षण हक्क कायदा स्पष्ट आहे. वयानुरूप वर्गात बसवायचं. दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही. शिवाय स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. मूळ शाळेनं ते भरून दिलं की इथल्या गुरुजींना तिचं कुठवर आलंय ते कळतं. या शाळेतले गुरुजी बालरक्षकाचं काम मनापासून करतात, त्यांना कायदा सांगायची गरज पडली नाही. प्रश्न धाकटीचा होता. शेजारच्या अंगणवाडीताई म्हणाल्या, ‘राहू द्या माह्यापाशी, खिचडी तं लागतेच.’ थोरली पहिला अर्धा तास दारातून तिकडंच बघत होती. मग पाटीकडं वळली.

दुपार

हे तास फोनचे. सकाळी दंड मोजलेल्या बाळाच्या मेळघाटातल्या गावी अंगणवाडी सेविकेला फोन लागत नाही. ती रेंज असलेल्या उंचवट्यावर गेली की निरोप वाचते. तिच्या नोंदीत हे बाळ आहे, तिथलं घरपोच आहाराचं पाकीट दर महिन्याला मांडलं जातं. बाळ मात्र इथं. पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतराची नोंद केली की इथल्या अंगणवाडीतून पाकीट मिळतं. त्यासाठी चेहरा पडताळणी आणि मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. मोबाइल बापाच्या खिशात, बाप वावरात, ओटीपीची मुदत थोडी. धारणीची मुलगी धुऱ्यावर उभी राहून अंक ओरडून मागते, अंगणवाडीत ताई ते टाकते. तिसऱ्या खेपेला जमतं.

कायद्याचंही असंच, माणूस एकीकडं आणि तरतूद दुसरीकडं. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडून मुकादमामार्फत येणाऱ्यांसाठी झाला. बऱ्हाणपूरचा माणूस त्यात बसायचा. चिखलदऱ्याहून आलेला त्याच्याच शेजारी, त्याच पालात झोपतो, पण त्यानं जिल्हाच ओलांडलेला. त्याच्यासाठी त्या कायद्यात जागा नव्हती.

सायंकाळी साडेसहा

रेशन दुकानदाराशी आठवड्यापूर्वी बोलून ठेवलं होतं. आज तो दिवेलागणीला दुकान उघडं ठेवतोय. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर कुठल्याही दुकानात धान्य मिळतं. 2023 पासून ते मोफतही आहे. बहुतेकांची कार्डं अंत्योदयची, ती घरी म्हाताऱ्यांकडं. क्रमांक मात्र धारणीच्या मुलीनं फोटोवरून वहीत उतरवून घेतलेत.

इथं अडतो तो अंगठा. सोयाबीनची शेंग टोकाला अणकुचीदार असते. दिवसभर मुठी धरून बोटं सोलवटलेली, त्यावर धूळ. ई-पॉस मशीनवर पहिला अंगठा उमटत नाही, दुसरा नाही. दुकानदारानं बादली मागवली. हात धुवून, पदराला पुसून, मधलं बोट टेकवलं. हिरवा दिवा. रांगेतल्या बाकीच्या बायका आपापली बोटं पाहायला लागल्या. ज्यांचं कुठलंच बोट उमटलं नाही अशा दोघी राहिल्या. त्यांच्या डोळ्यांची पडताळणी करता येईल असं मशीन तालुक्याला आहे का, हे उद्या पुरवठा विभागात विचारायचंय. न उमटणारं बोट म्हणजे कष्ट करणाऱ्याचं बोट, आणि त्याच्यावरच धान्य अडतं, याचा मला संताप येतो.

परत वावरात. शेतकरीभाऊ टॉर्च घेऊन आलेत. मजूर कुठं झोपतात, हा विषय मी दर हंगामात काढते आणि सोडत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजीजवळ महामार्गाच्या कडेला झोपलेल्या मजुरांवर पहाटे ट्रक गेला. चिखलदऱ्याची माणसं होती ती. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या मजुरांना सळयांवर बसवून नेणारा टिप्पर उलटला आणि डझनभर माणसं दगावली. वावरात ट्रक येत नाही, पण साप येतो. सोंगणीनंतर सुड्यांखाली उंदीर, उंदरामागं साप, आणि पालात लेकरं जमिनीवर.

‘कोठ्यात जागा हाये ताई, पण ढोरं हायेत ना’, भाऊ म्हणतात.

‘ढोरं चार दिवस बाहेर बांधा. नाहीतर बाजा द्या दोन, लेकरांपुरत्या.’

भाऊंनी थोडा विचार केला आणि पोराला घरी पाठवलं. बाजा आल्या. पान लागलंच, म्हणजे साप चावलाच, तर वैदूकडं न जाता ग्रामीण रुग्णालयात न्यायचं, 108 लावायचा, हे मुलीनं कोरकूत पुन्हा एकदा सांगितलं, आणि मुकादमाकडून म्हणवूनही घेतलं.

रात्री नऊ

घरी येऊन वह्या. दोघी क्षेत्रकार्याचा अहवाल लिहितात. प्राध्यापकांना त्यात ‘हस्तक्षेप’ हवा असतो. त्या विळा धरला, बादली आणली असं सरळ लिहितात, आणि मी त्यांना ते खोडू देत नाही.

सव्वानऊला मेळघाटातल्या सेविकेचा निरोप आला. ती उंचवट्यावर गेली असावी. बाळाचं वजन विचारलंय, दंड विचारलाय, लस कुठली दिली ते विचारलंय. आम्ही आकडे आणि कार्डाचा फोटो पाठवला. लगेच उलट उत्तर: पुढची पाकिटं तिकडंच द्या, मी इथं मांडत नाही, बाळाची आजी रोज विचारते, तिला सांगते. आणखी एक ओळ: त्याच गावातली दुसरी तीन कुटुंबं मेहकरकडं गेलीत, एक बाई सात महिन्यांची आहे, शेतकऱ्याचं नाव माहीत नाही, पिकअपवाल्याचा नंबर देते.

धारणीच्या मुलीनं पिकअपवाल्याला फोन लावलाय.